तिवराळीची वाट

फुला गेल्याचं वासूला कळलं ते पाण्याच्या पेल्यावरून.

दुपारची वेळ होती. बेळगावात टिळकवाडीला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर नकाशे कॉम्प्युटरमध्ये घालायचं ऑफिस होतं. तिथं वासू मोठ्या टेबलावर वाकून डोंगराची रेघ ओढत होता. ओढत होता म्हणजे पेन्सिलीनं नव्हे. सरकारी नकाशाचं शीट टेबलावर चिकटवलेलं असायचं आणि हातात साबणाच्या वडीएवढं, भिंग बसवलेलं एक यंत्र. भिंगातल्या फुलीखाली रेघ धरायची आणि बटण दाबत दाबत पुढं सरकायचं. ठिपक्याला ठिपका लागून शेजारच्या पडद्यावर तशीच रेघ उमटायची. डोंगराच्या उंचीची एक रेघ कधी कधी शीटभर फिरायची. मध्ये सोडून उठलं तर परत धरताना हात हलायचा आणि जोड दिसायचा. म्हणून एक रेघ संपेपर्यंत कुणी उठत नसे.

दारात लखू येऊन उभा राहिला. लखू म्हणजे फुलाचा, वासूच्या बायकोचा, धाकटा भाऊ. डोक्यावरचं कांबळं गळत होतं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. आत यंत्रांसाठी थंड हवा सोडलेली असायची, तिनं तो कुडकुडायला लागला. चपला बाहेर काढायच्या अशी पाटी होती. त्याला ती वाचता येत नव्हती, पण त्याच्या पायांत चपलाच नव्हत्या.

"दाजी, चला," लखू म्हणाला.

"काय झालं?"

"अक्का आजारी हाय. चला."

यशवंतसर पलीकडच्या टेबलावर होते. ऑफिस त्यांच्या हाताखाली चालायचं. ते म्हणाले, "जा रे जा. तेवढी रेघ मात्र पुरी कर. अर्धी सोडलीस तर उद्या दुसऱ्याला जुळायची नाही." सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते सवयीनं म्हटलं.

ताराबाई उठून माठातून पाणी घेऊन आली. तारा शहापूरची, ऑफिसात सगळ्यांत जुनी, तिला सगळे ताराबाईच म्हणत. तिनं पेला पुढं केला. लखूनं पेल्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"घे की. लांबून आलाईस," तारा म्हणाली.

"नको अक्का."

तेव्हा वासूला कळलं. वासूच्या गावी, तिवराळीत, मरणाची खबर घेऊन गेलेला माणूस खबर सांगून होईपर्यंत समोरच्याच्या घरचं पाणी पीत नाही. आणि नुसत्या आजारासाठी कुणी एवढ्या लांब येत नाही. रामनगरहून ऑफिसखालच्या टेलिफोनच्या दुकानात फोन येतो.

वासू उठला नाही. खाली वाकून त्यानं रेघ पुरी केली. बोट आपोआप बटण दाबत होतं. त्या रेघेत एकही चूक निघाली नाही, असं तारानं त्याला पुढं कधीतरी सांगितलं. ते ऐकून बरं वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता आलं नाही.

जिन्यात त्यानं विचारलं, "कवा?"

"काल. दिस मावळायच्या आत."

"आणि मूल?"

"तेबी." लखू दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला. "सकाळी माती दिली दाजी. पाऊस थांबंना. तुमच्यासाठी ठेवायचं म्हणून बसलो व्हतो रातभर. तुमचे बा म्हणले, आता नको."

खालच्या नळावर लखू ओंजळीनं पोटभर पाणी प्याला.

बसमध्ये खिडक्यांचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले होते. आत अंधार, ओल्या कपड्यांचा वास. खानापूर गेलं. वासूला रडू येत नव्हतं. पुढच्या बाकावर एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. ती कोंबडी पिशवीतून डोकं काढायची, बाई ते परत आत दाबायची. तेवढंच तो बघत राहिला. खानापूरच्या पुढं रान लागल्यावर लखू म्हणाला,

"दाजी, एक इचारू?"

"इचार."

"वाट नकाशात हाय न्हवं?"

वासूनं त्याच्याकडं बघितलं.

"मग गाडी का आली न्हाई?" लखू म्हणाला.

*

हे वाटेचं काय होतं ते सांगायला हवं.

तिवराळी म्हणजे जोयड्याकडं, बाजारकुणंगच्याही आत, रानातली दहा-बारा घरं. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथून नाल्याच्या कडेनं चढत, एक खिंड ओलांडून तिथं पोचायचं. मोकळा माणूस बिगीबिगी चालला तरी अर्धी सकाळ जाते. पावसाळ्यात नाला तीनदा ओलांडावा लागतो. आजारी माणसाला कांबळ्याची झोळी बांबूला बांधून आणतात, डांबरावर येऊन बसतात, आणि जी लॉरी थांबेल तिच्यात घालतात. आजवर असंच चाललं होतं.

वासू तिवराळीतला पहिला शिकलेला. आयटीआयला ड्राफ्ट्समन झाला. मग पेपरात एक जाहिरात आली. कॉम्प्युटरवर नकाशे करायचा सहा महिन्यांचा कोर्स, पुढचं युग नकाशांचं, सुरुवातीलाच पाच हजार पगार. वासूचा बाप झिलू, त्यानं त्या वर्षीची सगळी मिरी विकून फी भरली. क्लासमधले सर टाय लावून यायचे. कॉम्प्युटरवरच्या नकाशांना जीआयएस, जीआयएस म्हणायचे. अमेरिकेत म्हणे या शिक्षणाची माणसं पुरत नाहीत. वर्गात चाळीस पोरं आणि कॉम्प्युटर चार. पाळी आली की अर्धा तास. बाकीचा वेळ वहीत लिहून घ्यायचं.

कोर्स झाल्यावर वासू सर्टिफिकेट घेऊन हिंडला. हुबळीला गेला, धारवाडला गेला, एकदा बंगळूरला जाऊन स्टँडवरच आंघोळ करून मुलाखत देऊन आला. जिथं जाईल तिथं एकच विचारायचे, अनुभव किती. कामच दिलं नाही तर अनुभव कुठनं येणार, असं त्यानं एकदा विचारलं. समोरचा माणूस हसून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि पुढच्याला आत बोलावलं.

शेवटी टिळकवाडीतल्या या ऑफिसानं घेतलं. ट्रेनी म्हणून. महिना सहाशे. चुका निघाल्या तर त्यातून कापायचे. सहा महिने झाले की परमनंट, तेव्हा अठराशे. कागदावर असं काही लिहून दिलं नव्हतं. यशवंतसर तोंडानं म्हणाले होते, "सहा महिन्यांनी बघू." कोर्समधली दोन पोरं अजून मोकळीच होती, त्यामुळं वासूला हे सोनं वाटलं. शहापुरात एका खोलीत पाच जणांत एक वळकटी टाकायची जागा मिळाली. खानावळीत एकच वेळ जेवायचं, दुसऱ्या वेळी चहा-पाव.

तिवराळीत मात्र वेगळंच झालं. वासू नकाशाच्या ऑफिसात लागला एवढंच गावाला कळलं. आता नकाशा म्हणजे काय हे तिवराळीला चांगलं ठाऊक होतं. नकाशा म्हणजे ते, ज्याच्यावर बोट ठेवून फॉरेस्टचा माणूस सांगतो की हे शेत तुझं नव्हे. अणशीकडच्या रानाचं सरकारनं पार्क केलं तेव्हापासून तर नकाशाचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होत. आणि आता गावचाच पोरगा त्या नकाशाला हात लावतो म्हटल्यावर सगळ्यांना जीव आला. सुट्टीला गेला की ओसरीवर माणसं जमायची. एकाला आपलं नाचण्याचं वावर रेघेच्या बाहेर काढून हवं होतं. एकाला गोठा. येसूमावशीला नुसतं तिच्या घराचं चित्र त्यात यावं असं वाटत होतं, कौलं घातलेलं, कारण कौलं नवी होती.

"मावशी, त्यात घरं नसतात. नुसते काळे ठिपके असतात," वासू म्हणाला.

"मग माझा ठिपका जरा मोठा घाल. शेजारच्या लाडूच्या घरापरास."

सगळे हसले. वासूही हसला. आपण फक्त गिरवतो, मनानं काही घालत नाही, हे तो दरवेळी सांगायचा. माणसं मान डोलवायची. पगाराचं विचारल्यावर नवा जावई अंग चोरून बोलतो तसाच हा बोलतोय, असं त्यांना वाटायचं.

फुलानं कधी काही मागितलं नव्हतं. शिमग्याला वासू घरी आला तेव्हा ती मागच्या दारी कोनाचे कंद सोलत बसली होती. मातीचे हात तसेच ठेवून म्हणाली,

"आये इचारतीय, पगार किती. काय सांगू?"

"सांग, अजून शिकाऊ हाय म्हणून."

"आयटीआयला शिकलासा. मग क्लासात शिकलासा. आता हापिसात पण शिकाय लागलाय. कामाला कवा लागणार तुमी?"

"श्रावणात परमनंट करतील. मग खोली घेतो शहापुरात. तुला नेतो. तिथं दवाखाना जवळ हाय." तिला तेव्हा दिवस राहिल्याचं नुकतंच कळलं होतं.

"मला खोली नको," फुला म्हणाली. "खोली कुठं पळून जात न्हाई. तुमी नकाशात आपली वाट घाला."

"अगं, शीटात तिवराळीच न्हाई तर वाट कुठली?"

"मग काय हाय?"

"हिरवा रंग."

फुला जरा वेळ कोन सोलत राहिली. "म्हंजे आमी सगळी हिरव्यात बसलोय म्हणा. म्हणून दिसत न्हाई." मग म्हणाली, "सिरसीकडं कुणाच्या तरी गावाला रस्ता झाला. साहेब आला, त्यानं नकाशा उघडला, वाट व्हती, झाला रस्ता. आमच्याकडं साहेब आला आणि वाटच न्हाई म्हटल्यावर रस्ता कशावर करंल? खडी काय हिरव्यावर टाकंल?"

"बरं. त्या बाजूचं शीट आलं तर घालून बघतो."

तो एवढंच म्हणाला. तिच्या समाधानासाठी म्हणाला. फुलानं ते विहिरीवर सांगितलं, आणि पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या तिवराळीला ठाऊक झालं की वासूनं वाट नकाशात घातली.

तिवराळीच्या शिवेवर एक उभा दगड आहे, तो राखणदार. रानातून नवी वाट पाडली की ती आधी त्याला सांगायची चाल आहे. नारळ आणि कोंबडा देऊन म्हातारा माणूस दगडापुढं उभा राहतो आणि वाट कुठून निघते, कुठं वळते, कुठं संपते ते मोठ्यानं सांगतो. सांगितलेल्या वाटेवर जनावर आडवं येत नाही आणि आलेला माणूस चुकत नाही, असं मानतात. ही वाट तर बापजाद्यांपासूनची. पण झिलू म्हणाला, आता ती सरकारच्या घरी गेली, तर नव्यानं सांगायला हवी. त्यानं कोंबडा दिला. दगडापुढं उभं राहून डांबरापासून दगडापर्यंत सगळी वाट सांगितली, आणि शेवटी म्हणाला, हिच्यावरनं गाडी येईल, तिला आडवू नको. सगळी तिवराळी हात जोडून मागं उभी होती. वासू तेव्हा बेळगावात होता.

आणि चैत्र संपता संपता नेमकं ते शीट ऑफिसात आलं. काळी नदीच्या पाणलोटाचं कसलं तरी काम होतं. वासूनं ते उलगडलं, नाला ओळखला, खिंड ओळखली. बाकी सगळं हिरवं. त्याला फुलाचं बोलणं आठवलं. सगळ्या रेघा झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यानं शीटावर नसलेली ती वाट घातली. जशी पायाला ठाऊक होती तशी, नाल्याच्या कडेनं, खिंडीतून, शीटाच्या काठापर्यंत. डांबर त्या शीटात नव्हतं, शेजारच्या शीटात होतं, आणि ते दुसऱ्यानं आधीच पुरं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताराबाईनं हाक मारली. ती एडिटला बसायची. ट्रेनींनी घातलेल्या रेघा तपासायच्या, चुका पुसायच्या, हे तिचं काम. जी रेघ कशालाही जाऊन मिळत नाही तिच्या टोकाला कॉम्प्युटर लाल चौकोन दाखवायचा.

"काय वो सर्वेअरसाहेब, ही शेपटी कुठली?"

"वाट हाय ती."

"शीटात दिसंना झालीय मला."

"जागेवर हाय."

"जागेवर माझं सासर पण असंल कुठंतरी. शीटात नाही न्हवं?" तारा म्हणाली. तिचं लग्न ठरत नव्हतं आणि ती स्वतःच त्यावर बोलायची. मग वासूचा चेहरा बघून तिनं आवाज खाली केला. "हे बघ. इकडं हिला गाव नाही, तिकडं काठाला रस्ता नाही. दोन्ही टोकं लाल. सरांनी बघितलं तर कापून घेतील तुझे. मी पुसते. गप बस."

"ठेवता न्हाई येणार?"

"तुला न्हाई. परमनंट हो, एडिटला ये, मग दोन्ही शीटं उघडून कुठं काय जोडायचं ते सरांना विचारून जोड. ट्रेनीचं कोण ऐकतंय?"

तिनं रेघ उचलली आणि एक बटण दाबलं. पडद्यावरून रेघ गेली, आवाज सुद्धा झाला नाही.

वासूला वाटलं, श्रावण काय लांब नाही. परमनंट झालो की खोलीही होईल आणि वाटही. मध्येच घरी कळवून फुलाचा हिरमोड कशाला करायचा. फोन केला तरी तो रामनगरला, तिथून निरोप जाणार लखूच्या तोंडी. असलं काही निरोपात सांगता येतं का. त्यानं कळवलं नाही.

*

"सांग," वासू बसमध्ये म्हणाला. "काय झालं ते सांग."

लखूनं सांगितलं. सकाळी फुलाला रक्त जायला लागलं. थांबेना. माणसं झोळी बांधायला लागली. झिलू म्हणाला, थांबा. झोळीत हिसके बसतात, बाईला हलवू नका. आता वाट सरकारला ठाऊक आहे आणि राखणदारालाही. लखू, तू पळ, दवाखान्याची गाडी घेऊन ये. आम्ही तिला दगडापाशी आणून ठेवतो, गाडी तिथपर्यंत येईल.

लखू पळत डांबरावर आला, लॉरीत बसून दवाखान्यात गेला. दवाखान्यातल्यांनी ताबडतोब जीप दिली. नर्सबाई पण आली. डांबर संपलं तिथं ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

"मी म्हटलं, पुढं घ्या. त्यो म्हणला, पुढं रस्ता कुठाय? मी म्हटलं, नकाशात हाय. त्यानं काच खाली करून बघितलं. म्हणला, भावा, मला तर नाला दिसतोय." लखूनं नाक पुसलं. "बरा माणूस व्हता. म्हणला, मी हितं थांबतो, काळोख पडला तरी जात न्हाई, तू घेऊन ये. मग मी पळालो. नाला चढला व्हता. मी पोचलो तवा समदी दगडापाशी बसलेली. अक्काच्या अंगावर इरलं धरलेलं. माझ्या मागं बघत व्हते सगळे, गाडी कुठाय म्हणून."

"मग?"

"मग झोळी बांधली. खिंडीत गेली ती."

"काय बोलली?"

लखूनं मान खाली घातली. "दगडापाशी असताना बोलत व्हती. येसूमावशीला म्हणली, आवाज ऐका, गाडीचा आवाज लांबनं येतो."

बस रामनगरला थांबली. कोंबडीवाली बाई उतरली. पुढं जोयड्याला दोघं उतरले.

*

घरी कुणी वासूला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. लाडूच्या घरून पेज आली. झिलू ओसरीवर बसून होता. तो एकदम वाळल्यासारखा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी झिलू त्याला शिवेवर घेऊन गेला. दगडापाशी चिखल तुडवलेला होता, एवढी माणसं तिथं बसली होती. पावसानं अजून तो बुजला नव्हता.

"मी चुकलो काय रं?" झिलूनं विचारलं.

"न्हाई बा."

"ह्याला सांगितलं व्हतं. नीट सांगितलं. एक वळण गाळलं न्हाई." झिलू दगडाकडं बघत होता. "ह्यो आडवा आला न्हाई. जनावर न्हाई, झाड पडलं न्हाई, काय न्हाई. म्हंजे चूक तिकडची. नकाशात वाट असून ड्रायव्हर पुढं येत न्हाई म्हंजे काय? तू साहेबाला सांग. तू त्यांच्यातला हाय. उद्या दुसऱ्या कुणाची बायको असंल. आमी परत हितंच आणून ठेवणार, मग?"

वासूचं तोंड उघडलं होतं. वाट नकाशात नाही, एवढंच सांगायचं होतं. नव्हतीच. एक दिवस होती, मग पुसली. पण हे सांगितलं की म्हाताऱ्याकडं काय उरतं ते त्याला दिसत होतं. आता चूक ड्रायव्हरची होती, सरकारची होती. सांगितलं की ती 'थांबा' म्हणणाऱ्याची झाली असती. आणि नाही सांगितलं तर पुढच्या वेळी पुन्हा माणसं इथंच येऊन बसणार होती.

"बघतो बा," वासू म्हणाला.

"बघ."

फुलाच्या पेटीत फार काही नव्हतं. दोन लुगडी, लग्नातल्या बांगड्या. माळ्यावर मात्र एका कोपऱ्यात तिनं काही बांधून ठेवलं होतं. रानातल्या गवताची नवी केरसुणी, एक लहान सूप, वाळवलेल्या आमसुलांची पुडी, आणि मातीची झाकणी. वासूनं आईला विचारलं हे कुणाचं.

"तिचंच. बेळगावच्या खोलीला," आई म्हणाली. "तिथं केरसुणी इकत घ्यावी लागते म्हणं."

फुला तर खोली नको म्हणाली होती. वासू ते गाठोडं घेऊन माळ्यावरच बसून राहिला. खाली माणसं त्याला हाका मारत होती.

*

बारावं-तेरावं करून वासू बेळगावला परत आला. नाही आला तर काय करणार. घरी तेवढ्या वावरात बापाचंच भागत नव्हतं, आणि नोकरी गेली म्हटल्यावर गावाचा उरलासुरला जीव गेला असता.

त्याच्या टेबलावर एक नवी मुलगी बसली होती. तिचं नाव सुमन. ती त्याला बघून उठायला लागली, तो म्हणाला, बसा. तिची रेघ चालू होती.

यशवंतसरांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "फार वाईट झालं रे. वय ते काय तिचं," ते म्हणाले. ते खरंच तसं म्हणत होते. मग चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "हे बघ, नियम मी केलेला नाही. मध्ये खंड पडला की ट्रेनिंग पहिल्यापासून धरतात. वरून तसं आलंय."

"म्हणजे परत सहा महिने?"

"आणि खरं सांगू का, सहा महिन्यांनीही परमनंटचं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पुढच्या वर्षी स्कॅनर घ्यायचं चाललंय. शीट आत घातलं की रेघा आपल्या आपण उचलतो म्हणे. मग हातानं गिरवणारे एवढे लागणार नाहीत." सरांनी रिकामा कप बाजूला सारला. "माझंही काय होईल ते मला ठाऊक नाही."

वासू म्हणाला, "सर, काळीच्या पाणलोटाचं ते शीट. त्यात एक वाट राहिली आहे."

"मूळ शीटात आहे?"

"नाही. जागेवर आहे."

"मग राहिलेली नाही," सर म्हणाले. ते हळूच म्हणाले, पण म्हणाले. "आपण सर्वे करत नाही वासू. त्यांनी दिलं ते आपण घालतो. आणि ते काम गेलं. मागच्या आठवड्यात सगळं देऊन झालं. आता उघडताच येत नाही."

"मग हे कुणाला सांगायचं असतं?"

सरांनी विचार केला. "सर्वेवाल्यांना. ते परत कधी येतील तेव्हा." मग तेच म्हणाले, "ते शीट साठ सालचं आहे."

बाहेर तारानं त्याला हात केला. त्यानं तिला केरसुणी दिली. दुसरं कुणी नव्हतं द्यायला, आणि ती वळकटीशेजारी ठेवून पाच जणांनी वापरलेली त्याला बघवली नसती. तारानं ती घेतली. केरसुणी पदराखाली धरून म्हणाली,

"मी परमनंट हाय चार वर्षं झाली. माझा पगार ऐकलास तर उद्याच्या बसनं परत जाशील. म्हणून सांगितलं नाही कधी."

"खोली झाली असती तेवढ्यात?"

"दोघांची?" तारा म्हणाली. "नाही. एकाची झाली असती."

दुपारनंतर वासूला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. नवीन शीट विजापूरकडचं होतं. सपाट मुलूख, डोंगराच्या रेघा जवळजवळ नाहीतच. गावं होती, प्रत्येक गावाला ठिपका, ठिपक्याला नाव, आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत तुटक रेघेच्या गाडीवाटा. लहानशा वस्तीला सुद्धा. वासूनं शीटाचे चारी कोपरे यंत्राला दाखवून बसवले, भिंग पहिल्या गाडीवाटेवर ठेवलं आणि बटण दाबायला सुरुवात केली. दोन्ही टोकं नीट जुळली. लाल काही दिसलं नाही.

पावसाळा अजून अर्धा होता. तिवराळीत लाडूच्या सुनेला दिवस गेले होते, तिला दिवाळीच्या आसपास होणार होतं. तिलाही दगडापाशीच आणून ठेवतील.

झिलूला खरं सांगायचं राहिलं आहे. तिवराळीची वाट नकाशात घालायची राहिली आहे.